उधारी आखाजीपर्यंत (अक्षय तृतीया) आणि जीएसटी बावीस तारखेला: छोट्या दुकानदारानं हिशोब नेमका कसा सांभाळायचा

जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडं आमचं पाईप, मोटर फिटिंग, ठिबकचं सामान असं दुकान आहे. आबांनी चालू केलेलं, मी पंधरा-सोळा वर्षं बसतोय. मी सीए नाही, आधीच सांगतो. पण जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या बहुतेक सगळ्या करून झाल्यात, त्यामुळं शेजारपाजारची दुकानं, साडू, शालक सगळे माझ्याकडं येऊन विचारतात, "भाऊ, टॅक्स किती बसंल?" मी उलटा विचारतो, वर्षाची विक्री किती? तिथंच गाडी अडते. "असंल तीस-चाळीस लाख." अरे तीस का चाळीस? त्या दहा लाखांच्या फरकावर तर सगळं बसलंय, तीसला जीएसटी नंबर लागत नाही आणि चाळीसच्या वर गेला की लागतो.

म्हणून टॅक्सच्या आधी वही.

रोजमेळ लिहा. कॉम्प्युटर, ॲप, टॅली, जे जमेल ते वापरा, पण ज्याला काहीच जमत नाही त्यानं शाळेची दोनशे पानी वही घ्यावी, पानाच्या मधोमध रेघ मारावी, डावीकडं जमा, उजवीकडं नावे. माझ्या वहीतलं मागच्या महिन्यातलं एक पान सांगतो. सकाळची शिल्लक ३,२००. रोख विक्री ११,४५०. उधारीची वसुली रोख २,०००. झाले १६,६५०. नावेला हमाली ३५०, चहा १२०, टेम्पो भाडं ८००, घरखर्चाला उचल १,५००, बँकेत भरले ८,०००. म्हणजे गेले १०,७७०, राहायला पाहिजे ५,८८०. गल्ल्यात मोजले तर ५,६८०. दोनशे कुठं गेले म्हणून पोऱ्याला विचारलं तर म्हणे गाडीत पेट्रोल टाकलं, लिहायचं राहिलं. दोनशे रुपयासाठी डोकं खाल्लं असं त्याला वाटलं असंल पण वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ते साठ हजार होतात, आणि हे साठ हजार माझ्या खर्चातही धरले जात नाहीत न् खिशातही दिसत नाहीत. त्या दिवशीची यूपीआयची विक्री १४,८०० होती, ती वेगळ्या रकान्यात, कारण ती गल्ल्यात येतच नाही आणि तिचा टॅक्सचा हिशोबही वेगळा आहे, तो पुढं सांगतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कोणती तर "घरखर्चाला उचल १,५००". दुकान आपलंच, गल्ला आपलाच, मग लिहायचं कशाला, असं आपल्याकडं प्रत्येकाला वाटतं. पोरीची फी, लग्नाचा आहेर, किराणा, सगळं त्याच गल्ल्यातून. मग वर्षाच्या शेवटी "धंदा तर जोरात झाला, मना पैसा कोठे गया भो?" हे ठरलेलं. उचल लिहिली की कळतं धंदा तोट्यात नव्हता, आपणच जास्त उचलत होतो. मी आता महिन्याची उचल ठरवून टाकलीय, त्याच्या वर लागलं तर बायकोला विचारून घ्यायचं. ती देत नाही सहसा. तिचा हिशोब माझ्याहून कडक आहे.

आता खातं आणि क्यूआर. दुकानाच्या नावानं करंट अकाउंट काढा आणि काउंटरवरचा क्यूआर त्याच खात्याचा ठेवा. आपल्याकडं काय होतं, यूपीआय आलं तेव्हा पोराच्या मोबाईलवर चालू केलं आणि तोच स्टिकर अजून चिकटलेला आहे. म्हणजे विक्री बापाची, पैसे जमा पोराच्या सेव्हिंग खात्यात, आणि पोरगा कॉलेजला. उद्या त्याच्या पॅनवर विचारणा आली की हे एवढे लाख कशाचे, तर काय सांगणार? सेव्हिंग खात्यात वर्षाला १० लाखांच्या वर रोख भरली तर बँक ते स्वतःहून आयकर खात्याला कळवते, करंट खात्याला ती मर्यादा ५० लाखांची आहे. आयकर पोर्टलवर लॉगिन करून एआयएस नावाचा कागद उघडून बघा एकदा, व्याज, एफडी, शेअर, जमीन व्यवहार, बरंच काही आपल्या आधी तिथं लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा एका जुन्या एफडीचं व्याज निघालं जे मी विसरूनच गेलेलो.

२०२५ च्या जुलैत बंगळुरात काय झालं ते पेपरात आलं होतं. भाजीवाले, बेकरीवाले, चहावाले अशा छोट्या लोकांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, मग लोकांनी क्यूआरचे स्टिकर काढून "फक्त रोख" लिहिलं. आपल्याकडंही काही जणांनी ते ऐकून क्यूआर झाकले. मला हे पटत नाही. यूपीआयनं आलेला प्रत्येक रुपया विक्री नसतोच, कोणी हातउसने परत केले असतील, भावानं पाठवले असतील, पण ते वेगळं सांगता यायला आपल्याकडं वही पाहिजे. वही नसली की बँकेचं स्टेटमेंट जे म्हणेल तेच आपलं म्हणणं होऊन बसतं.

जीएसटी नंबर घ्यायचा का नाही

फक्त मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत नंबर लागत नाही, सर्व्हिस असेल तर २० लाख. इथं तीन खड्डे आहेत आणि तिन्हीत मी लोकांना पडताना बघितलंय.

पहिला, माल आणि काम दोन्ही करणारा. मोटर विकतो आणि वाइंडिंगही करून देतो, पाईप विकतो आणि फिटिंगची मजुरीही बिलात लावतो. त्याला ४० लाख विसरायचे, त्याची मर्यादा २० लाखच.

दुसरा, करमाफ माल. किराणावाला म्हणतो माझी निम्मी विक्री सुट्या धान्याची, त्याच्यावर जीएसटीच नाही, मग ती कशाला मोजायची. मोजायची. मर्यादा बघताना करमाफ विक्रीसकट सगळी विक्री धरतात. पण ज्याचा सगळाच्या सगळा माल करमाफ आहे, उदाहरणार्थ रावेर-यावलचा ताजी केळी भरून दिल्लीला गाडी पाठवणारा व्यापारी, त्याला करोडोंची विक्री असली तरी त्या विक्रीसाठी नंबर लागत नाही.

तिसरा खड्डा खास आपला, खान्देशचा. आपण दोन राज्यांच्या कडेला राहतो. नवापूरचं स्टेशन तर असं आहे की अर्धा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. नंदुरबारवाल्याला सुरत शेजारच्या गल्लीसारखं, शिरपूरवाल्याला सेंधवा, रावेरवाल्याला बऱ्हाणपूर. पण कर लागणारा माल राज्याबाहेर विकायचा असेल तर ४० लाखांची सूटच नाही, पहिल्या बिलापासून नंबर पाहिजे. माझी मेहुणी नंदुरबारला मिरची घेऊन काळा मसाला, लाल तिखट करते, वर्षाची विक्री जेमतेम सहा-सात लाख. तिच्या नणंदेनं सुरतच्या दोन दुकानांत माल लावून दिला, दर महिन्याला चाळीस-पन्नास किलो जायला लागलं, आणि हिला वाटलं आपली विक्री एवढी छोटी, आपल्याला कोण विचारतं. नंबर घ्यावाच लागला. सरकारी फी शून्य आहे याची, पॅन, आधार, जागेचं लाईट बिल, भाड्याची असेल तर करारनामा, एवढ्यावर होतं. भरून देणारा आपली मजुरी घेतो ती वेगळी गोष्ट, पण "नंबरची फी पाच हजार" असं कोणी म्हणालं तर उठून यायचं.

कंपोझिशन का रेग्युलर

वर्षाची विक्री दीड कोटीपर्यंत असेल तर कंपोझिशन, म्हणजे विक्रीवर ठरलेला टक्का भरून मोकळं व्हायची योजना, घेता येतं. दुकानदाराला आणि माल बनवणाऱ्याला १ टक्का, हॉटेलवाल्याला ५ टक्के. दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत एक छोटं स्टेटमेंट भरून पैसे भरायचे, वर्षाचं एक रिटर्न ३० जूनपर्यंत. डोक्याला ताप कमी. पण गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यायचा नाही, टॅक्स इन्व्हॉइस द्यायचं नाही, खरेदीवर भरलेला जीएसटी परत धरता येत नाही, आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही.

एक किराणा दुकान धरा, विक्री ६० लाख, त्यात २० लाखांचं सुटं धान्य-डाळ. व्यापाऱ्याला १ टक्का फक्त करपात्र विक्रीवर लागतो, म्हणजे ४० लाखांवर ४० हजार, तिमाहीला १० हजार. खुशाल कंपोझिशन घ्या. पण माल बनवणाऱ्याला तो १ टक्का सगळ्या विक्रीवर असतो, करमाफसकट. आणि तुमचं गिऱ्हाईक जर कॉन्ट्रॅक्टर, फॅक्टरी, एमआयडीसीवाले असतील तर ते पहिल्याच दिवशी म्हणतील आम्हाला क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) मिळणारं बिल द्या, नाहीतर दुसऱ्याकडून घेतो. माझं तेच झालं म्हणून मी रेग्युलर, म्हणजे बिलात जीएसटी लावायचा आणि खरेदीवरचा वजा करून फरक भरायचा. कंपोझिशनमध्ये जायचं असेल तर ३१ मार्चच्या आत पोर्टलवर अर्ज टाकायचा, पुढचं वर्ष लागल्यावर आठवलं तर मग वर्षभर थांबा.

रेग्युलरवाल्यानं एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी, बिलात लावलेला जीएसटी हा आपला पैसा नाही, आपण फक्त नेऊन देणारे. आणि त्याची खरी मार उधारीत बसते. समजा मी एक लाखाचे पाईप आणले, वर १८,००० जीएसटी दिला. ते एक लाख वीस हजाराला विकले, वर २१,६०० जीएसटी. सरकारला फरक ३,६०० भरायचा, सोपं. पण शेतकरी म्हणतो कापूस निघाल्यावर देतो. कापूस निघणार दिवाळीला, बिल जूनचं. सरकार कापसाची वाट बघत नाही, बिल ज्या महिन्याचं जीएसटी त्या महिन्याचा, पैसे येवोत न येवोत. आणि पार्टी बुडाली तरी भरलेला जीएसटी परत मिळत नाही, फक्त बुडालाच म्हणून कोणी क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढू देत नाही. म्हणून मी आता उधारी देताना निदान जीएसटीएवढी रक्कम तरी रोख घेतो. "माल न्या दादा, कापसाला द्या, पण हे एकवीस हजार सहाशे आज टाका." नव्वद टक्के लोक टाकतात. जो तेवढेही टाकत नाही तो कापूस निघाल्यावरही टाकत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

विक्री ५ कोटींच्या आत असेल तर तिमाही रिटर्नची योजना घेता येते. पहिल्या दोन महिन्यांचा कर त्याच्या पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनानं भरायचा, आणि तिमाही संपली की जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचा तपशील) १३ तारखेला, ३बी (कर भरायचा रिटर्न) आपल्या महाराष्ट्राला २२ तारखेला. मासिकवाल्याला ११ आणि २०. या तारखा दुकानाच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहा, माझ्या तर दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिल्यात.

आणि टूबी. महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतो, त्यात तुमच्या सप्लायरनं दाखवलेली बिलं असतात. तुमच्या हातात पक्कं बिल आहे, पैसे दिलेत, पण सप्लायरनं ते बिल दाखवलंच नाही तर क्रेडिट नाही. एका होलसेलरनं माझ्याकडून दोन बिलांचा मिळून चौदा हजार जीएसटी घेतला आणि रिटर्नच भरेना, फोन केला की "भर देंगे सेठ". तेव्हापासून नियम, नव्या पार्टीला जीएसटीचा भाग टूबीत बिल दिसल्यावर द्यायचा. थोडी कुरकुर होते, पण चालतं. दुसरी बाजूही आहे, सप्लायरला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं.

माझी फजिती

एका अकाउंटंटकडं सगळं सोपवलं होतं. दर महिन्याला बिलांची पिशवी द्यायची, टॅक्सचे आणि त्याच्या फीचे पैसे द्यायचे, "झालं भाऊ, भरलं". आठ महिने असंच. मग एकदा बऱ्हाणपूरच्या पार्टीची पासष्ट हजारांची ऑर्डर आली, गाडी भरून उभी, ई-वे बिल (मालाच्या गाडीबरोबर लागणारा ऑनलाइन कागद) काढायला बसलो तर निघेना. पोर्टल म्हणतं रिटर्न बाकी आहेत म्हणून ब्लॉक. ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवतोय आणि मी इथं घाम पुसतोय. पाच महिन्यांचे रिटर्न भरलेलेच नव्हते. नोटिसा का आल्या नाहीत तर नंबर काढताना त्यानं मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच टाकलेला! सगळे मेसेज त्याच्याकडं. लेट फी दिवसाला ५० रुपये, आमच्यासारख्या दीड कोटीच्या आतल्याला ती एका रिटर्नला २,००० वर थांबते, तिथं वाचलो, पण कर उशिरा भरल्याचं १८ टक्के व्याज बसलं आणि ती ऑर्डर गेली ती गेलीच.

तर आज, म्हणजे हे वाचून झाल्या झाल्या, दोन कामं करा. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताच "सर्च टॅक्सपेयर" मध्ये आपला नंबर टाका, खाली कोणत्या महिन्याचा रिटर्न कधी भरला ते दिसतं. दुसरं, नोंदणीतला मोबाईल आणि ईमेल आपला आहे का बघा, नसेल तर बदलून घ्या, आणि पासवर्ड आपल्याकडं ठेवा. माणूस चांगला असो वाईट असो, ओटीपी आपल्या फोनवर आला पाहिजे. जो सीए यावर चिडतो त्याच्याकडून पिशवी परत आणा.

ई-वे बिलाचं थोडक्यात, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल १ लाखाच्या वर असेल तर लागतं, राज्याबाहेर जाता-येता ५० हजारांच्या वर. जळगावहून धुळ्याला ऐंशी हजारांचा माल बिलावर जातो, तोच सुरतहून नंदुरबारला येताना ई-वे पाहिजे. इथंच गाड्या अडकतात.

आयकर: सोपी वाट आहे, ती घ्या

छोट्या धंद्याला ४४एडी म्हणून जी सोय आहे ती अजून निम्म्या दुकानदारांना नीट माहीत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झाला, कलमांचे नंबर बदलले, पण रीत तीच आहे आणि बाजारात सगळे ४४एडीच म्हणतात. विक्री २ कोटींपर्यंत असेल, किंवा रोख वसुली एकूण वसुलीच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत, तर खर्चाचा तपशील न देता विक्रीच्या ८ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतो, आणि जी विक्री बँकेतून, यूपीआयनं आली तिच्यावर ६ टक्के. ऑडिट नाही.

७० लाखांची विक्री घ्या, ४० लाख यूपीआय-बँकेनं, ३० लाख रोख. ४० लाखांचे ६ टक्के २ लाख ४० हजार, ३० लाखांचे ८ टक्के तेही २ लाख ४० हजार. उत्पन्न ४ लाख ८० हजार. नवीन कररचनेत पहिले ४ लाख माफ, राहिलेल्या ऐंशी हजारांवर ५ टक्के म्हणजे ४,०००, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यानं रिबेटमध्ये (करसवलतीत) तेही शून्य. आता सांगा, क्यूआर झाकून काय मिळवलं? तीच विक्री रोखीत घेतली असती तर ६ च्या जागी ८ टक्के धरावे लागले असते.

पण हे कमीत कमी आहे बरं का. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो, कायदा तसाच आहे. आणि एकदा ४४एडीत येऊन मधेच बाहेर पडलात, म्हणजे एखाद्या वर्षी याहून कमी नफा दाखवला, तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. बाजार समितीतल्या आडत्याला, कमिशन-दलालीवाल्याला ही सोय नाहीच. स्वतःची पिकअप, ट्रक भाड्यानं फिरवणाऱ्याचा हिशोब वेगळा, दहापर्यंत मालगाड्या असतील तर छोट्या गाडीला महिन्याला ७,५०० उत्पन्न धरतात. ४४एडीवाल्याला ॲडव्हान्स टॅक्सही एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत.

नवीन रचना का जुनी हे दरवर्षी उड्या मारत बदलता येईल असं समजू नका, ते पगारदाराला. धंदेवाला एकदा नवीनमधून बाहेर पडला की परत एकदाच आत येऊ शकतो.

शेती आणि दुकान एकाच घरात

आपल्याकडं ज्याचं दुकान त्याची दहा एकर शेतीही असतेच. आणि मग एक "आयडिया" निघते, दुकानाचा नफा शेतीत टाकून द्यायचा, शेतीला टॅक्स नाही. करू नका. सातबाऱ्यावर तीन एकर कोरडवाहू कापूस आणि रिटर्नमध्ये शेतीचं उत्पन्न पंधरा लाख, हे कोणालाही हसू येईल असं आहे. शेतीचं उत्पन्न दाखवायचं तर सातबारा, पीकपेरा, आडत्याची पट्टी, खता-बियाण्याची बिलं, सगळं फाईलला लावून ठेवा. शेतीचं उत्पन्न करमाफ असलं तरी ५,००० च्या वर असेल तर धंद्यावरच्या कराचा दर काढताना ते मोजतात, त्यानं कर थोडा वाढतो.

स्वतःच्या बागेतली केळी विकली ती शेती. दुसऱ्याची केळी घेऊन विकली तो व्यापार. आणि स्वतःच्याच केळीचे वेफर्स तळून पाकिटात भरून विकले तर त्यात कारखान्याचा भाग आला, तो नफा धंद्याचा.

रोखीचे काही आकडे पाठ असू द्या. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारात, २ लाख किंवा जास्त रोख घ्यायचे नाहीत. हातउसने २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीत घ्यायचे नाहीत आणि फेडायचेही नाहीत, मग ते सख्ख्या साडूकडून का असेना, दंड त्या रकमेएवढाच होऊ शकतो. आपल्याकडं "सकाळी दीड लाख दे, संध्याकाळी देतो" हे रोज चालतं, ते खात्यातून करा, एक मिनिट लागतं. जे ४४एडीत नाहीत, वह्या ठेवून नफा काढतात, त्यांनी एकाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख खर्च दिला तर तो खर्चच धरत नाहीत, ट्रान्सपोर्टवाल्याला ही मर्यादा ३५ हजार. शेतकऱ्याला त्याच्या शेतमालाचे रोख पैसे दिले तर त्याला सूट आहे, जिनिंगवाले, दाल मिलवाले यांनी हे ध्यानात ठेवावं, पण मधल्या व्यापाऱ्याला ती सूट नाही.

प्रोफेशनल टॅक्स विसरू नका, वर्षाला २,५००, ३० जूनपर्यंत. दुकानात पगारी माणूस असेल तर त्याच्या पगारातून कापायचा नंबर वेगळा असतो.

कर्ज आणि एजंट

बँकेत कर्ज मागायला गेलं की मॅनेजर दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतो. तेव्हा आठवतं की आपण टॅक्स वाचवायला नफा दोन लाख दाखवलाय आणि मागतोय पंचवीस लाख. वरच्या हिशोबात बघितलं ना, १२ लाखांपर्यंत तसाही कर शून्य होतो, मग खरा नफा लपवून कुणाचं भलं केलं? ज्याला दोन वर्षांत गोडाऊन बांधायचंय त्यानं आत्तापासून खरा आकडा दाखवावा.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, सरकारी पोर्टलवर फुकट आहे, आधार-पॅन आणि दहा मिनिटं. दिसायला तशाच दुसऱ्या साईट फी घेतात, त्या सरकारी नाहीत. माल बनवणाऱ्याला किंवा सर्व्हिस देणाऱ्याला याचा मोठा फायदा, मोठ्या पार्टीनं ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते, आणि त्या पार्टीला तो खर्च आयकरात पैसे देईपर्यंत धरता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसच. आम्ही नुसते खरेदी-विक्री करणारे, आम्हाला उद्यम मिळतं पण हा ४५ दिवसांचा धाक मिळत नाही.

मुद्रा कर्ज योजनेत ५० हजार, ५ लाख, १० लाख असे टप्पे, आणि १० लाखांचं आधीचं कर्ज नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंत. खाण्याच्या पदार्थांचा धंदा असेल, मसाला, पापड, शेव, केळी वेफर्स, तर पीएमएफएमई योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठरलेलं होतं, योजना अजून चालू आहे का ते कृषी कार्यालयात विचारा. पण अनुदान मिळेलच असं धरून खर्च करू नका. "पस्तीस टक्के माफ होतात, दहा टक्के मला द्या" म्हणणारे एजंट चहाच्या टपरीवर भेटतात, त्यांना चहा पाजा आणि सोडून द्या.

आता राहिली उधारी. वहीतली बाकी कायद्यानं वसूल करायची तर तीन वर्षांच्या आत हालचाल करावी लागते, पण त्या तीन वर्षांच्या आत समोरच्यानं "एवढी बाकी मान्य" असं लिहून सही दिली तर तिथून परत तीन वर्षं मोजतात. आबांना कायदा वगैरे काही माहीत नव्हतं. सरकारचं वर्ष मार्चला, व्यापाऱ्याचं दिवाळीच्या पाडव्याला आणि गावाचं आखाजीला बदलतं असं ते म्हणायचे, सालदाराचं साल जसं आखाजीला ठरायचं तसंच. दर आखाजीच्या आठ दिवस आधी ते लाल वही काखेत मारून, शाईचा पॅड खिशात टाकून सायकलवर निघायचे. ज्याच्याकडं पैसे आहेत तो देईल, ज्याच्याकडं नाहीत त्याच्या घरी पाणी प्यायचं, खातं वाचून दाखवायचं आणि खाली सही नाहीतर अंगठा घ्यायचा. मी चार वर्षं हे बंद केलं, म्हटलं व्हॉट्सॲपवर बिल पाठवतोच की. त्या चार वर्षांतली सव्वा लाखाची उधारी आज नुसती वहीत आहे. यंदा आखाजीला मोटरसायकल काढली, पॅड तोच जुना, शाई तेवढी नवीन भरली, आणि एकोणीस खात्यांवर सह्या आणल्या.